वतनदार घराण्यांचा कागदोपत्री इतिहास

वंशपरंपरेने जमीन, हक्क व मानपान उपभोगणाऱ्या घराण्याची हकीकत त्याच्या सनदा, महजर, वाटणीपत्रे, खरेदीखते, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे व महसुली नोंदी यांवरून जुळविण्याची पद्धती. वंशावळ ही नावांची मालिका असते; दस्तऐवज त्या नावांना काळ, स्थळ व नातेसंबंध देतात. म्हणून या पद्धतीत वंशावळीवरून कागद समजून न घेता कागदांवरून वंशावळ पारखली जाते. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील हदगावसारख्या भागात, कागद अनेक राजवटींचे, अनेक लिप्यांतील व अनेक कालगणनांचे असल्यामुळे या कामाला विशेष कौशल्य लागते.

घराण्यांचा इतिहास जमिनीच्या कागदांवरून शोधण्याची प्रथा इतर देशांतही आढळते. उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीत स्वतःच्या अथवा इतरांच्या प्रवासखर्चाचा भार उचलणाऱ्यास माणशी ५० एकर जमीन देण्याची पद्धत १६१८ पासून सुरू झाली. तेथे मृत्युपत्र साक्षीदारांच्या शपथेवर काउंटी न्यायालयात शाबीत होई व न्यायालयाच्या वहीत त्याची नक्कल उतरविली जाई. जमिनीच्या खरेदीविक्रीचे दस्तही असेच नोंदले जात. एका मृत्युपत्रात पत्नी, मुलगे, विवाहित मुली, जावई व नातवंडे यांचा उल्लेख येत असल्याने दोन-तीन पिढ्या एकाच कागदात सापडतात. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) ज्या काउंट्यांची दप्तरे जळाली, त्यांच्या बाबतीत मात्र संशोधकास शेजारच्या काउंटीतील कागदांचा व करवसुलीच्या याद्यांचा आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात मृत्युपत्राला असे मध्यवर्ती स्थान नव्हते. मिताक्षरा पद्धतीनुसार वडिलार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. त्यामुळे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची मृत्युपत्राने विल्हेवाट लावण्यास बापाला फारसा वाव नसे. परिणामी येथे घराण्याची हकीकत मृत्यूच्या प्रसंगी लिहिलेल्या कागदांपेक्षा तंट्याच्या, वाटणीच्या व दत्तविधानाच्या प्रसंगी झालेल्या कागदांत अधिक सापडते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये एकत्र कुटुंबातील स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याची मुभा मिळाली आणि त्यानंतर शेतकरी कुटुंबांतही मृत्युपत्रांचे प्रमाण वाढले. मुसलमान घराण्यांत वसीयतनाम्याची परंपरा जुनी आहे; तथापि वारसांची संमती नसल्यास वसीयत एकतृतीयांश मालमत्तेपुरतीच चालते.

दस्तऐवजांचे प्रकार : वतनी कागदांत सनद ही मूळ दानाची अथवा मान्यतेची साक्ष होय. फर्मान, मिसाल व खुर्दखत ही बादशाही व सुलतानी काळातील आज्ञापत्रे. वतनाविषयी तंटा उपस्थित झाल्यास दोन्ही पक्ष आपापली तकरीर, म्हणजे लेखी कैफियत, सादर करीत व निवाडा मान्य करण्याविषयी राजीनामा लिहून देत. करीना या प्रकारात घराण्याची पिढीवार हकीकत सांगितलेली असते. गोतसभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार यांच्या साक्षी असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत; उदा., कुणबी नांगराची, वाणी तराजूची व कुंभार चाकाची. हरलेला पक्ष पुन्हा तंटा करणार नाही असे यजितखत लिहून देई. वाटणीपत्रात भाऊबंदांचे हिस्से, फारखतीत हक्क सुटल्याची कबुली, तर दत्तकपत्रात पोटच्या मुलाऐवजी घराण्यात आलेल्या वारसाची नोंद असते.

या कागदांपैकी महजर व करीना हे वंशेतिहासाला सर्वांत उपयुक्त आहेत. कारण आपला हक्क सिद्ध करण्यासाठी वादी मूळ पुरुषापासून पिढ्या सांगतो. त्यांतील दोषही याच कारणाने उद्‌भवतो. वडीलपण कोणत्या शाखेकडे, पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे, होळीच्या पोळीचा मान कोणाचा, यांवर वतनाची प्रतिष्ठा अवलंबून असल्याने वादी आपल्या शाखेला थोरली ठरवितो आणि प्रतिपक्षाची शाखा कधी धाकटी, कधी उपरी म्हणून दाखवितो. म्हणून एका पक्षाची तकरीर मिळाली, तर दुसऱ्या पक्षाची शोधणे अगत्याचे ठरते.

अशा साधनांच्या प्रकाशनास विसाव्या शतकाच्या आरंभी चालना मिळाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेत अनेक घराण्यांची दप्तरे छापली. पुणे येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे कार्य पुढे चालविले. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. एका देशमुख घराण्याच्या दप्तरातील तो कागद शिवकालाच्या कालनिर्णयाचे प्रमुख साधन ठरला. मराठवाड्यातील घराण्यांची दप्तरे त्या मानाने अल्प प्रमाणात प्रकाशात आली. कारण हा प्रदेश दीर्घकाळ हैदराबाद संस्थानात होता व तेथील कारभाराची भाषा मराठी नव्हती.

हदगाव परिसर व तेथील राजवटी : हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तालुक्याच्या उत्तरेकडे पैनगंगा नदी वाहते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका लागतो. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाहने दख्खनमध्ये आपली सत्ता स्थिर केल्यावर नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलूख निजामाकडे राहिला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला आणि पैनगंगा ही दोन कारभारपद्धतींची सीमा बनली. उत्तर तीरावर रयतवारी पद्धतीची मोजणी होऊन मराठी व इंग्रजी कागद सुरू झाले. दक्षिण तीरावर फार्सी व पुढे उर्दू दप्तर चालू राहिले. दोन्ही तीरांवर जमीन व सोयरीक असलेल्या कुटुंबाची हकीकत म्हणून दोन दप्तरांत विभागलेली असते. हैदराबादच्या बाजूस दुवा तुटला असता वऱ्हाडातील एखादे खरेदीखत अथवा वारसाची नोंद तो जोडून देते.

पहिले सालारजंग (दिवाणगिरी १८५३–८३) यांनी संस्थानच्या महसुली व्यवस्थेत मूलगामी फेरफार केले. १८६५ मध्ये जिल्हाबंदी होऊन वसुलीचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे गेले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे अधिकार संपुष्टात येऊन त्यांना रुसूम या नावाने रोख नेमणूक मिळू लागली. १८७० नंतर मराठवाड्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली व सर्व्हे क्रमांकवार नोंदी अस्तित्वात आल्या. १८८४ च्या सुमारास फार्सीऐवजी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. गावपातळीवर मात्र कुलकर्णी आपले हिशेब दीर्घकाळ मोडी लिपीतच लिहीत. त्यामुळे एकाच शेताचे कागद तालुक्याला उर्दूत व गावी मोडीत आढळतात.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आले. त्यानंतर जहागिरी (१९४९), इनामे व रोख अनुदाने (१९५४ चा अधिनियम) आणि महसुली पाटलाचे पद (१९६२ चा अधिनियम) ही क्रमाने नष्ट झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वतने गेली, तरी ती रद्द करताना हक्कदारांची जी चौकशी झाली, तिचे कागद इतिहासास उपयुक्त ठरले.

शोधाची रीत : शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे अलीकडच्या पिढीपासून मागे करावयाचा असतो. नामांकित पूर्वज धरून त्याच्यापासून खाली उतरत येण्याचा मोह टाळणे इष्ट. कारण त्या रीतीने समान आडनावाचे कोणतेही घराणे कोणत्याही पुरुषाला जोडता येते. आडनाव हे स्वतः पुरेसे प्रमाण नव्हे. देशमुख, पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही पदनामे असून ती भिन्न कुळांत व भिन्न जातींतही आढळतात. म्हणून आडनावाबरोबर गाव, कूळ, गोत्र अथवा देवक व जमिनीचा क्रमांक ताडून पाहावा लागतो.

पहिली पायरी सातबारा उतारा व फेरफार नोंदवही यांची. फेरफारात वारसाची नोंद होताना मृताचे नाव, मृत्यूचे वर्ष व वारसांची नाती येतात. मराठवाड्यात त्यामागचा महत्त्वाचा कागद १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हा होय. त्यात सर्व्हे क्रमांकवार पट्टेदार, प्रत्यक्ष कसणारा व जमिनीचा प्रकार यांची नोंद असल्याने निजामी दप्तर व आजचे दप्तर यांमधील तो सांधा समजला जातो. त्याच्याही मागे गेल्यास मोजणीच्या वेळचे सेतवार, वसूलबाकी व फैसलपट्टी हे कागद लागतात. इनामी जमीन असल्यास मुंतखब पाहावा. इनामाची चौकशी होऊन दिलेल्या या निर्णयपत्रात मूळ इनामदार, त्याचे वारस, जमिनीचे क्षेत्र व सेवेची अट नमूद असते. इनामदार मृत झाल्यावर होणाऱ्या विरासत प्रकरणात हयात वारसांची वंशावळ जोडलेली आढळते. अतियात चौकशीचा १९५२ चा अधिनियम लागू झाल्यावरही अशी प्रकरणे चालली.

यापुढील टप्पा घरातील दप्तराचा. जुन्या वाड्याच्या देवघरात, तुळईवर अथवा पेटीत रुमालात बांधलेले मोडी कागद असतात. ते सुटे न करता ज्या क्रमाने बांधले असतील तो क्रम टिपून ठेवावा. कारण एका रुमालातील कागद बहुधा एकाच तंट्याचे असतात. सरकारी बाजूस जिल्हा व तालुका अभिलेख, भूमिअभिलेख कार्यालय, दुय्यम निबंधकाकडील नोंदलेले दस्त व दिवाणी न्यायालयाचे निवाडे पाहावयाचे असतात. जुनी निजामी दप्तरे हैदराबाद येथील अभिलेखागारात आहेत. तेथील मोगलकालीन फार्सी कागदांपैकी शाहजहानच्या कारकीर्दीतील निवडक कागद १९५० मध्ये व औरंगजेबाच्या कारकीर्दीतील १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. महसुली कागदांत न येणारी माहिती तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्यांत मिळते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे गेलेल्या यात्रेकरूने आपले गाव, भाऊबंद व पूर्वज यांची नावे वहीत उतरवून खाली सही केलेली असते.

कालगणना : कागदाचा काळ ठरविताना वर्षाचा प्रकार प्रथम ओळखावा लागतो. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. मराठी राजवटीतील कागदांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ अथवा, वर्षाच्या उत्तरार्धातील कागद असल्यास, ६०० मिळवावे लागतात. उदा., ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७५. त्याचा इसवी सन १७७४-७५. निजामी कागदांत फसली वर्ष येते. त्यात ५९० मिळविले असता वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष पुढे आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात, सुरू होई. त्यानुसार फसली १३५८ हे १९४८-४९ होय. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्याला असा स्थिर अंक लागू पडत नाही. फसली व हिजरी यांची गल्लत झाल्यास कित्येक वर्षांचा फरक पडतो व बाप मुलानंतर जन्मल्याचा विपरीत निष्कर्ष निघतो.

नावांचा प्रश्न : मराठी कागदांत बापाचे नाव ‘बिन’ या शब्दाने व उर्दू कागदांत ‘वल्द’ या शब्दाने जोडलेले असते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे तीच जोडी पुनःपुन्हा येते. समजा, सुहूर ११७५ च्या खरेदीखतात ‘तुकोजी बिन रामजी’ पाटील असून त्याच गावच्या फसली १२९० (१८८०-८१) च्या कागदात ‘तुकोजी वल्द रामजी’ आहे. या दोन कागदांत १०६ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही तुकोजी एक असणे शक्य नाही. दुसरा पहिल्याचा नातू मानल्यास एका पिढीला ५३ वर्षे पडतात व तेही संभवनीय नाही. मध्ये आणखी एक तुकोजी व एक रामजी धरल्यास पिढीचे अंतर सुमारे २६ वर्षे येते. असे गणित पिढ्यांची संख्या सुचविते. ती सिद्ध करण्यास मधल्या काळाचा कागदच लागतो. घरोघरच्या तोंडी वंशावळीत पुष्कळदा अशाच दोन पिढ्या गळलेल्या असतात.

सत्यासत्यनिर्णय : वतनाचे मोल मोठे असल्याने बनावट कागदही निर्माण होत. असल कागद व त्याची नक्कल, म्हणजे तालीक, यांत भेद करावा लागतो. तालीक खोटी असतेच असे नाही, पण तिच्यावरील साक्षी व शिक्के पारखता येत नाहीत. कागदाचा मायना, अखेरीची मोर्तब, शिक्क्यातील वर्ष, उल्लेखिलेले अधिकारी त्या वर्षी पदावर होते की नाही व अक्षराचे वळण यांवरून निर्णय केला जातो. ‘मूळ कागद दुष्काळात परागंदा झालो तेव्हा गेले’ अथवा ‘गढी लुटली तेव्हा जळाले’ असे विधान तकरिरींतून वारंवार येते. ते कधी खरे, तर कधी कागद मुळात नसल्याचे झाकण असते. पुढच्या काळातही अशी हानी झाली. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत सरहद्दीवरील अनेक कुटुंबे घरे सोडून वऱ्हाडात गेली व मागे राहिलेल्या दप्तरांना कोणी वाली उरला नाही.

कागदांच्या मर्यादा : दस्तऐवज हा मालकाचा असतो, ज्याची मालकी नाही तो त्यात क्वचितच दिसतो. व्हर्जिनियातील मृत्युपत्रांत गुलामांची नावे गुराढोरांबरोबर मिळकत म्हणून येतात, आणि त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग बहुधा त्याच कागदांवरून काढावा लागतो. वतनी कागदांतही जमीन कसणारी कुळे, सालगडी व बलुतेदार हे साक्षीपुरते अथवा चतुःसीमेच्या ओघात उल्लेखिले जातात. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमान्वये संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या, तेव्हा अशा कित्येक कुटुंबांची नावे महसुली दप्तरात प्रथमच स्वतंत्रपणे आली.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. विधवा दत्तक घेते, पोटगी मागते अथवा अज्ञान मुलाच्या वतीने खत लिहून देते, तेव्हाच तिचे नाव कागदात उमटते. तेही ‘जौजे’ म्हणून पतीच्या नावाला जोडून. मुलींची नावे वंशावळीत बहुधा नसतातच. वारसाहक्काच्या कायद्यात १९९४ मध्ये महाराष्ट्रापुरती व २००५ मध्ये देशभर सुधारणा होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यानंतरच्या कागदांत मुलींची नावे येऊ लागली. पुष्कळदा मात्र ती हक्कसोडपत्रात, म्हणजे हक्क मिळाल्याची व तो भावाला सोडून दिल्याची साक्ष एकाच वेळी देणाऱ्या कागदात, आढळतात.

आधुनिक महत्त्व : या कागदांचे महत्त्व घराण्याच्या अभिमानापुरते नाही. देवस्थान इनामाच्या जमिनी, वारसांतील वाटणी व कुळांचे हक्क यांविषयीचे दावे अद्यापि निजामी कागदांच्या वाचनावर अवलंबून असतात. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांतील मोडी व उर्दू कागद नव्याने उघडले गेले आणि ते वाचणाऱ्या जाणकारांची उणीव प्रकर्षाने जाणवली. नोंद सापडणे व ती नोंद आपल्याच पूर्वजाची असल्याचे सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी लिपीचे ज्ञान पुरते. दुसरीसाठी कागदांची अखंड साखळी दाखवावी लागते.

ही साखळी दिवसेंदिवस क्षीण होत आहे. मोडी व शिकस्ता लिपी वाचणारे थोडे उरले आहेत. वाडे पडतात, वाटणीत रुमाल विखुरतात आणि अगम्य अक्षराचे कागद निरुपयोगी समजून टाकून दिले जातात. सरकारी अभिलेखांच्या छायाप्रती घेण्याचे काम चालू असले, तरी खाजगी दप्तरांना त्याचा लाभ क्वचितच मिळतो. एखाद्या गावचा महजर नष्ट झाल्यास केवळ एका पाटील घराण्याचा पुरावा जात नाही. त्या कागदावर नांगर, तराजू व चाक यांच्या निशाण्या करणाऱ्या साऱ्या गावाची एकत्रित साक्ष त्याबरोबर नाहीशी होते.